लिंबाच्या आळ्यातली माती

चमचे हे आमच्या संसारातलं सगळ्यात जुनं भांडण. लग्नात डझनभर चमच्यांचा सेट आला होता, आणि पाच-सहा वर्षांतच त्यातले निम्मे उरले. मी भट्टीवरचा माणूस, डोकं तसंही तापलेलंच असायचं. ड्यूटीवरून आल्यावर चहात साखर ढवळायला चमचा सापडला नाही, की मी घर डोक्यावर घ्यायचो. "चमच्याले काय पाय फुटून राहिले का?" बायको कधी वरच्या पट्टीत बोलली नाही. भाजी निवडता निवडता म्हणायची, "राहू द्या ना. कुठं जाते, घरातच असंन." या उत्तरानं माझा पारा आणखी चढायचा. एवढ्याशा चमच्यापायी मी किती बोललो आहे तिला, आता आठवलं की लाज वाटते.

तेव्हा आम्ही भिलाईत, पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, समोर व्हरांडा, मागे सांदवाडी, म्हणजे परसू. आम्ही दोघंही भंडाऱ्याकडचे, धानाच्या गावातले. मी नोकरीसाठी आलो आणि तिला लग्न करून आणलं. गाव सुटलं, पण तिच्या हातातली माती काही सुटली नाही. मागच्या सांदवाडीत तिनं लिंबाचं झाड लावलं होतं, खायच्या लिंबाचं. वर्षाचे बारा महिने त्याला लिंबं असायची. सगळी गल्ली आमच्याकडे मागायला यायची आणि ती देत राहायची. रोज अकराच्या सुमारास भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा असं परातीत भरून ती मागे जायची. मला वाटायचं फेकायला जाते. कधी माशी घोंगावली की मी ओरडायचो, "घराच्या मागं उकिरडा कावून करून राहिली तू?" ती हसायची आणि मातीचे हात पुसायला माझीच जुनी खाकी पँट शोधायची.

रिटायर झालो की क्वार्टर सोडावं लागतं, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तरी तो दिवस आला की धक्का बसतोच. वैशाली नगरात आम्ही प्लॉट घेऊन ठेवला होता. प्लॉट खोलगट, पावसात पाणी साचायचं, म्हणून घर बांधण्याआधी भरण टाकावं लागलं. बायको म्हणाली, "अवो, मागच्या अंगाले दोन ट्रॅक्टर शेतातली माती टाकून द्या. माझ्या निंबाले लागंन." तिनं क्वार्टरमधल्या लिंबाच्या फांदीला दोन वर्षं आधीच गुटी बांधून रोप करून ठेवलं होतं. डालड्याच्या जुन्या डब्यात होतं ते. सामानाच्या ट्रकमध्ये ती तो डबा मांडीवर घेऊन बसली होती.

मी माती टाकली नाही. मी स्लॅग टाकला. भट्टीतून लोखंड निघतं तेव्हा त्याच्यावर जो मळ तरंगतो, तो थंड झाला की दगडासारखा होतो; त्यालाच स्लॅग म्हणतात. आमच्याकडे कुणाचंही खड्डे भरायचं काम निघालं की पहिलं तोच आठवतो. आयुष्यभर ज्याच्या वितळत्या नदीशेजारी उभा राहिलो, त्याच्यावर माझा भरवसा होता, आणि खरं सांगायचं तर गर्वही. मी तिला म्हणालो, "ज्याच्यावर रेल्वे उभी राहते, त्याच्यावर तुहं निंबाचं झाड उभं नाही राहणार का?" राजमिस्त्री हसला, मीही हसलो. ती हसली नाही. स्लॅगवर वीतभर मुरूम पसरला, आणि तिनं त्यातच आळं करून रोप लावलं.

पहिल्या वर्षी रोप तगलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडायला लागली. सगळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं विचित्र. ती रोज सकाळी पान उलटं-सुलटं करून बघायची. एकदा, एकदाच, मला म्हणाली, "मी माती मांगली होती तुमाले." मी वसकन् अंगावर गेलो. म्हणालो, एक झाड मेलं तर जग बुडत नाही, बाजारात लिंबं मिळतात. आमचं शेवटचं धड बोलणं ते. त्यानंतर आठवडाभरात, पौषात, सकाळी दात घासता घासता ती मोरीत पडली. लकवा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्याकडे तीन-चार शब्द उरले होते: हो, नाही, पाणी, आणि "राहू".

तिची खाट मी मागच्या खिडकीशी लावली, उजेड यावा म्हणून. खिडकीतून काय दिसतं याचा मी विचारच केला नव्हता. दिसायचं ते पिवळं झाड. ती दिवसभर त्याच्याकडे बघत पडायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो. मी काही फार देवाधर्माचा माणूस नाही. पण तेव्हा मी मनात एवढंच धरलं की ही जायच्या आधी हे झाड हिरवं झालं पाहिजे. आणि ते मीच केलं पाहिजे, कारण मारलं मीच होतं.

नेहरू नगरातल्या एका नर्सरीवाल्याकडे मी पान घेऊन गेलो. त्यानं पान उजेडात धरलं आणि म्हणाला, "अंकल, आपके पेड़ को लोहा नहीं मिल रहा।" मला वाटलं चेष्टा करतो आहे. अरे बापा, सारी उमर मी लोखंड वितळवलं, आणि माझ्याच दारातल्या झाडाला लोहा मिळत नाही! पण तो खरंच सांगत होता. स्लॅगमध्ये चुना फार. अशा जमिनीत लोहा असला तरी झाडाला ओढता येत नाही, म्हणाला. उपाय काय, तर कुजलेलं खत भरपूर घाला, वरून पाल्याचं नाहीतर पैऱ्याचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, जाड पांघरूण द्या, आणि धीर धरा. त्याच्याकडे खताची छोटी पोती होती. झाडाभोवतीचा माझा खड्डा मोठा. त्या पोत्यांनी तो भरता भरता मी म्हातारा झालो असतो, म्हणजे होतोच, आणखी झालो असतो. तोच म्हणाला, इतकं विकत कशाला घेता, सेक्टरमध्ये इतकी झाडं आहेत, पाला तर रोज जळतो आहे.

ते मला माहीत होतं. माघ-फाल्गुनात सेक्टरच्या रस्त्यांवर पानांचा खच पडतो, सकाळी झाडूवाल्या बाया त्याचे ढीग करतात आणि काडी लावतात. तो धूर मी वर्षानुवर्षं फुप्फुसात घेतला होता. आता त्या काडीच्या आधी पोचायचं होतं. शेजारीण तासभर हिच्याजवळ बसायची, तेवढ्यात मी स्कूटरच्या पायदानावर रिकामी चुंगडी, म्हणजे पोती, घेऊन निघायचो. पहिले काही दिवस मी हेल्मेट काढलंच नाही. उन्हासाठी नव्हे, तोंड दिसू नये म्हणून. ज्या रस्त्यांवरून फोरमन म्हणून मिरवलो, तिथे वाकून पानं भरायची, हे सोपं नव्हतं.

ओळखलंच शेवटी. माझ्याच शॉपमधले, म्हणजे प्लांटमधल्या खात्यातले, दोघं सकाळचे फिरायला निघाले होते. एकजण म्हणाला, "काय हो, रिटायर झाल्यावर कचऱ्याचं कंत्राट घेतलं का?"

"घेतलं," मी म्हणालो. "तुमच्या घरचाही द्या. बायकोले विचारून द्याल पण, नाहीतर तिकडं तुमचीच गठडी बांधून ठेवंन."

ते हसले. मग कशासाठी म्हणून विचारलं, आणि मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपापल्या अंगणातला पाला पोत्यांत भरून फाटकाशी ठेवला होता. त्या दिवसापासून मी हेल्मेट काढून पानं भरायला लागलो.

फुकट मिळण्यासारखं इतकं काही गावात पडलेलं असतं, ते मला साठी उलटल्यावर कळलं. उसाच्या रसवाल्याकडे चिपाडं, चहाच्या टपरीवर चोथा, मागच्या गल्लीतल्या डेअरीत शेण. चहाच्या चोथ्यात साखर असते हे विसरलो, तर मुंग्यांनी घरापर्यंत रांग लावली. तेव्हापासून चोथा धुऊन घ्यायला लागलो. जवळच्या उतई गावात माझ्या ओळखीचे एक शेतकरी होते, त्यांच्या खळ्यावर धानाचा पैरा रचलेला असायचा. पैसे विचारले तर ते छत्तीसगढीत म्हणाले, "ले जा न सियान, पइसा काबर लागही?" म्हणजे, घेऊन जा ना बाबा, पैसे कशाला? आमच्या गावी याच पैऱ्याला तणस म्हणतात. त्या वासानं मला माझं लहानपण आठवलं, आणि हिचंही आठवलं, जे मी पाहिलंच नव्हतं. त्यातला एक पेंढा आणून मी हिच्या उशाशी ठेवला. तिनं डाव्या हातानं तो नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

मागच्या भिंतीशी मी ढीग रचला. पाला, शेण, चिपाडं, पुन्हा पाला. आणि लोखंडी सळई आणून त्याच्या पोटात खुपसून ठेवली. आमच्या हाताला ती सवयच. भट्टीचं पोट दिसत नसतं, खूण बाहेरून घ्यायची असते. रोज सळई उपसायची आणि तळहाताची मागची बाजू लावून बघायची. चौथ्या दिवशी चटका बसला. ढिगातून वाफ निघत होती. मला असा आनंद झाला म्हणता! "पेटली! भट्टी पेटली!" असं मी खिडकीत येऊन हिला ओरडून सांगितलं. 

इथे मी जी चूक केली, ती भट्टीवालाच करू शकतो. शेतकऱ्याच्या घरचं लेकरूही करणार नाही. मी शेतकऱ्याच्या घरचाच, पण अठराव्या वर्षी निघालेला. आमच्या धंद्यात माल गरम असतानाच ओततात. थंड झाला की वाया गेला. बारा दिवसांनी ढीग चांगला तापलेला होता, आतला पाला काळा पडत होता, आणि मला घाई होती. डॉक्टरचे शब्द कानात होते. मी घमेली भरभरून ते वाफाळतं खत लिंबाच्या आळ्यात ओतलं, बुंध्याला चिकटून गुडघाभर रचलं. खिडकीत ती डावा हात जोरजोरात खालीवर हलवत होती. घाईत तिचे ते तीन-चार शब्दही जुळत नव्हते, नुसता आवाज निघत होता. मला वाटलं, आणखी टाका म्हणते आहे. मी आणखी दोन घमेली टाकली.

पाच-सहा दिवसांत होती नव्हती ती पानं गळली. काड्या राहिल्या नुसत्या. मी बुंध्याजवळ हात घातला तर आत अजून ऊन होतं. मुळं भाजली होती. मी नखांनी ते सगळं उकरून काढलं, मुळांवर पाणी घातलं, आणि तिथेच फतकल मारून बसलो. भैताडासारखा रडलो मी. खिडकीतून ती बघते आहे हे माहीत होतं, तरी आवरलं नाही. मला तेव्हा उमगलं की ती "टाका" नव्हती म्हणत, "थांबा" म्हणत होती. ज्या बाईला हे सगळं येत होतं, तिची वाचा गेली होती. आणि जोवर होती, तोवर मी कधी विचारलं नव्हतं.

क्वार्टरमध्ये ती काय करत होती, ते आठवायचा मी त्या दिवसांत फार प्रयत्न केला. परात आठवली. माशा आठवल्या. माझं ओरडणं आठवलं. ती मागे जाऊन नेमकं काय करायची, ते आठवेना, कारण मी कधी बघितलंच नव्हतं. शेवटी एका सकाळी मी स्कूटर काढली आणि आमच्या जुन्या क्वार्टरवर गेलो.

तिथे आता राहणाऱ्या बाई रायगढकडच्या होत्या, नवरा प्लांटमध्ये. मी चाचरत ओळख सांगितली. त्या म्हणाल्या, "अच्छा, वो नींबू आंटीवाले! पूरी लाइन आज भी आंटी का ही नाम लेती है।" त्यांनी मागचं दार उघडलं. झाड तसंच होतं, हिरवंगार, लिंबांनी वाकलेलं. मी त्याच्या आळ्यात बसलो आणि वरचा पाला बाजूला केला. खाली काळी, मोकळी, भुसभुशीत माती होती, मूठ उघडली की आपोआप सुटणारी. गांडुळं वळवळत होती. वास असा, जसा धानाच्या बांधीत पाणी सोडल्यावर येतो. हीच भिलाईची जमीन, हाच मुरूम. तिनं रोज एक परात, हातभर खड्डा करून, आज इथे तर उद्या तिथे, आळ्याभोवती फिरत फिरत पुरली होती आणि वर पाला ओढला होता. तीस वर्षं. ना सळई, ना वाफ.

मी बाईंना विचारलं, थोडी माती नेऊ का? त्या म्हणाल्या, "ले जाइए ना अंकल, पूछना क्या, आपकी ही तो है।" माझी नव्हती ती. पण तेवढं हिंदीत समजावून सांगायची ताकद माझ्यात नव्हती. मी कुदळीनं हलक्या हातानं उकरायला लागलो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या घावाला कुदळ खणकन् वाजली.

चमचा होता. पुसला तर चकचकीत. थोडं पुढे दुसरा. मग एक चिमटलेला. तीन पोती माती भरेपर्यंत चार चमचे निघाले. परातीतल्या सालींबरोबर गेले होते, रोजच्या घाईत, आणि मातीनं सांभाळून ठेवले होते. "घरातच असंन," ती म्हणायची. मी उभ्या आयुष्यात एकदा मागच्या दारापर्यंत जाऊन बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी हातपाय न धुता तिच्या खाटेशी गेलो. तिच्या डाव्या तळव्यावर मूठभर माती ठेवली. तिनं लगेच ओळखली. बोटांत चोळली, नाकाशी नेली, आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मग मी खिशातून चमचे काढून पांघरुणावर एकेक मांडले. आधी ती बघतच राहिली. आणि मग हसली. तोंड वाकडं झालेलं, हसू एकाच बाजूला, पण पोट हलेपर्यंत हसली. दवाखान्यातून आल्यावरचं पहिलं हसू. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं, "चूक माहीच होती वं. तू माती मांगली होती, मी भट्टीचा मळ टाकला. आणि वरून तुलेच बोललो."

ती हसायची थांबली. मातीचा हात तिनं माझ्या शर्टाला पुसला, जसा माझ्या खाकी पँटला पुसायची तसा. म्हणाली, "राहू." थोडा दम घेऊन पुन्हा म्हणाली, "राहू... द्या." तो "द्या" तिच्या तोंडी मी महिन्यांनंतर ऐकत होतो.

मग शिकवणी सुरू झाली. मी शेजारच्याला हाताशी घेऊन खाट मागच्या दारात आणली. सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, आळ्याभोवतीचा स्लॅग फोडून काढला, खड्डा रुंद केला, तिची माती भरली. ती डाव्या हातानं सांगायची: एवढं खोल, बुंध्यापासून इतकं दूर, दाबू नका, पाणी हळू. चुकलं की "नाही" म्हणायची, आणि तो "नाही" चांगला ठणठणीत यायचा. मी जन्मात कुणाच्या हाताखाली इतकं मुकाट काम केलं नव्हतं. वरून उतईचा पैरा अंथरला. माझ्या ढिगाला तिनं हातानं "थंड होऊ द्या" अशी खूण केली, आणि मी तो पुरे चार महिने झाकून ठेवला.

आषाढात एका काडीवर कोंब फुटला. लालसर, तांदळाच्या दाण्याएवढा. तिनंच खिडकीतून आधी पाहिला आणि मला बोलावण्यासाठी चमचा ताटावर वाजवला. दिवाळीपर्यंत झाडाला ओंजळभर हिरवी पानं होती, शिरांसकट हिरवी. फूल तिनं पाहिलं नाही. कार्तिकात एका सकाळी दुसरा झटका आला आणि दुपारीच ती गेली. तोंड खिडकीकडे होतं.

तिला जाऊन आता तीन वर्षं होतील. लिंबू लागतं. गल्लीतले मागायला येतात, मी देतो, पण तिच्याइतक्या सहज देता येत नाही. एकेक हातात मोजून बघतो आणि मग स्वतःचाच राग येतो. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, तो फोन करतो, म्हणतो बाबा, इकडे या. मी म्हणतो, पाला पडायचे दिवस आहेत, नंतर बघू. फाल्गुनात अजूनही चुंगडी घेऊन सेक्टरमध्ये जातो. सळई ढिगात अजून आहे. रोज उपसून हात लावतो, आणि ती गार लागली की मगच खत काढतो.

आणि रोज अकराच्या सुमारास परात घेऊन मागे जातो. देठ, साली, चोथा. हातभर खड्डा, आज इथे तर उद्या तिथे, आणि वर पैरा ओढतो. मागच्या आठवड्यात भांडी घासून लावताना एक चमचा कमी निघाला. सवयीनं आवाज चढला, "चमच्याले काय पाय फुटले का..." आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मीच थांबलो. कुदळ घेऊन आळ्यापर्यंत गेलो. उकरलं असतं तर निघाला असता.

मग कुदळ भिंतीशी टेकवून ठेवली. राहू द्या. कुठं जाते, घरातच असंन.